भागीदाराच्या कपाळावरचं आवाळू

माझा भागीदार मला सोडून गेला तो पैशावरून नव्हे. परतवाड्यात अजूनही लोक तसंच समजतात. दोन व्यापारी वेगळे झाले म्हणजे हिशोबात कुठंतरी पाणी मुरलं असणार, असं बाजार धरून चालतो. आमच्या हिशोबात कधी पाणी मुरलं नाही. आम्ही वेगळे झालो ते त्याच्या कपाळावरच्या एका गाठीवरून. आधी ती हरभऱ्याएवढी होती, शेवटी बोराएवढी झाली. एवढ्याशा गोष्टीपायी इतक्या वर्षांची भागी तुटेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आम्ही संत्र्याचे बगीचे घ्यायचो. जमीन नव्हे, झाडावरचा बहार. फळ हिरवं असतानाच शेतकऱ्याशी सौदा करायचा, इसार द्यायचा, पुढची तोड आपली, गाडी आपली, नफातोटा आपला. मी माळ्याच्या घरचा. वडील अचलपूरच्या बाजारात मेथी-सांभाराच्या जुड्या विकायचे आणि मी त्यांच्या बाजूला पोत्यावर बसून घासाघीस शिकलो. त्या पोत्यापासून संत्र्याच्या ट्रकपर्यंत मला कोणी हात धरून आणलं नाही. माझा भागीदारही अचलपूरचाच, मुसलमान. त्याचे वडील आणि आजोबा दुसऱ्यांचे बगीचे राखायचे, त्यामुळं तो झाडाखालीच वाढलेला. ओळींमधून एकदा चालत जायचा, मध्येच एखादी फांदी उचलून बघायचा, आणि बांधावर येऊन हळूच मला फळाचा अंदाज सांगायचा. तो अंदाज क्वचितच चुकायचा. मग मी बोलायला लागायचो. बघायचं त्यानं, बोलायचं मी. ही वाटणी आम्ही कधी ठरवून केली नव्हती, पण तीत कधी बदलही झाला नाही.

सौद्याचे माझे काही नियम होते. सगळ्यांत मोठा नियम हा की गरज दाखवायची नाही. बगीचा कितीही मनात भरला तरी तोंड वाकडं ठेवायचं. फांद्यांना वाळका सल फार, फळ बारीक, गाडीला रस्ता नाही, असं म्हणत राहायचं. दुसरा नियम, एक भागीदार बोलत असताना दुसऱ्यानं मध्ये पडायचं नाही. दोघांत फट दिसली की समोरचा तिथंच पहार घालतो. आणि भाव पटला नाही तर उठायचं. सरळ चालायला लागायचं. बहुतेक माणसं पाठीमागून हाक मारतात.

त्यानं हे नियम माझ्यापेक्षाही कडक पाळले. मी उठलो की तो उठायचा, मग तो बगीचा त्याला मनातून कितीही आवडलेला असो. बांधावरून चालताना फक्त पुटपुटायचा, "सेठ, आवाज नाही आला अजून."

"येते बावा. तू चाल ना हळू."

आणि आवाज यायचा. तो मला सेठ म्हणायचा ते निम्मं चिडवायला. मी त्याला भाई म्हणायचो.

ती गाठ त्याच्या कपाळावर, केस संपतात तिथून थोडी खाली, मधोमध आली. कधी आली ते त्यालाही सांगता यायचं नाही. दुखत नव्हती. बोटानं ढकलली तर कातडीखाली थोडी सरकायची. मी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, कारण अशा गाठी मी लहानपणापासून पाहत आलो होतो. माझ्या आईच्या डोक्यात एक होती. आम्ही तिला आवाळू म्हणायचो. फणी अडकू नये म्हणून आई तिला वळसा घालून केस विंचरायची, एवढाच त्या गाठीचा त्रास. तशीच माझ्या मावशीलाही होती. आई म्हातारी होऊन गेली ती दुसऱ्याच दुखण्यानं. आवाळूनं तिचं काही बिघडवलं नाही. त्यामुळं गाठ म्हटलं की लोक घाबरतात तसा मी घाबरलो नाही, आणि घाबरण्यासारखं काही नव्हतंही. तेवढं माझं बरोबर होतं.

लोक सुचवायचे. एका बगीचेवाल्या म्हाताऱ्यानं बिब्ब्याचा चटका द्यायला सांगितलं. भाई म्हणाला, "गाठ जाईन आन् डाग राहीन. सौदा घाट्याचा हाय." दुसऱ्या कोणी घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधायला सांगितला, तर ती गाठ देठाची नव्हती, बांधणार कशाला? असं हसण्यावारी चाललं होतं.

मग गाठ वाढली, आणि एका गोष्टीत तिचा अडथळा व्हायला लागला. आम्ही बगीच्यात असलो की दुपारची नमाज तो तिथंच पढायचा. संत्र्याच्या आळ्याजवळ सावली बघून दुपट्टा अंथरायचा. मी तोवर लांब बिडी ओढत बसायचो. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात ढेकूळ दगडासारखं होतं. सजद्यात कपाळ जमिनीला लागतं, आणि गाठ नेमकी तिथंच. आधी तो दुपट्ट्याची दुहेरी घडी घालायला लागला. पुढं तिहेरी. एक दिवस मी पाहिलं, तो कपाळ टेकल्यावर लगेच थोडं उचलत होता, जसा तापलेल्या तव्यावरून हात उचलतो. नमाज संपल्यावर गाठीभोवती लाल झालेलं होतं.

"दुखते का?" मी विचारलं.

"टेकवलं की दुखते. येरवी नाही." आणि मग म्हणाला, "पूर्ण टेकवता नाही येत, सेठ. अर्धवट वाटते."

हे त्यानं मला सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

त्याची बहीण अकोल्यात दिलेली होती. तिच्या सासऱ्याच्या पाठीवरची अशीच गाठ तिथल्या एका सर्जननं काढली होती, म्हणून तिनं भावाला बोलावलं. त्याला एकट्याला जायचं होतं. मी म्हणालो, "मी येतो संग. तुले कोनी बी लुटीन." ती वर्षं वाईट होती. पेपरात रोज आमच्या भागाचं नाव यायचं, पण ते कपाशीवाल्यांसाठी. संत्र्यावाल्यांकडे कोणी पाहिलं नाही. विहिरी आटल्या, झाडं शेंड्याकडून वाळत आली, आणि ज्या बगीच्यांत आम्ही वर्षानुवर्षं तोड केली तिथं लोक करवत लावून झाडं जळणाला विकत होते. बगीचे कमी, व्यापारी तेवढेच. अशा वेळी माणूस दाताखाली पैसा धरून ठेवतो. मी त्याचे पैसे वाचवायलाच गेलो होतो. माझे नव्हेत, त्याचे. हे मी आजही कोणालाही सांगेन.

एसटीनं अकोल्याला पोचलो. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर उंच, किडकिडीत, चष्मा नाकावर घसरलेला. त्यानं भाईला खिडकीच्या उजेडाकडे बसवलं आणि दोन बोटांत गाठ धरून इकडून तिकडे हलवली.

"किती दिवसांपासून आहे?"

"बरेच वर्ष झाले, साहेब."

"हलते आहे. वर कातडीला धरून आहे, खाली मोकळी. आणि हा मधला बारीक काळा ठिपका दिसतो? ते तिचं तोंड." त्यानं हात धुतले. "घाबरू नका. कॅन्सर वगैरे काही नाही. कातडीचाच थर आत वळतो आणि त्याची पिशवी होते. कातडीचा जो मळ बाहेर पडायचा तो त्या पिशवीत साठत राहतो. लोक हिला चरबीची गाठ म्हणतात, पण हिच्यात चरबी नसते."

"मंग काढा लागते का?" भाईनं विचारलं.

"काढलीच पाहिजे असं काही नाही. पुष्कळ लोक जन्मभर बाळगतात. दुखत असेल, पिकत असेल, भराभर वाढत असेल, किंवा रोजच्या वागण्यात अडचण होत असेल तर काढावी. एखादी कडक लागली, खाली रुतून बसली, वर जखम झाली, तर थांबू नये, दाखवावी. तुमची तशी नाही. त्रास नसेल तर राहू द्या. फक्त एक करा, दाबू नका आणि कोणाला फोडू देऊ नका."

मी सगळं आयुष्य बाजारात काढलेलं. 'घेतलंच पाहिजे असं नाही' असं म्हणणारा विकणारा मी शंभर वेळा पाहिला होता. जो म्हणतो गरज नसेल तर नका घेऊ, तो भाव चढवत असतो. मी सावध झालो.

डॉक्टरनं भाईकडे बघून विचारलं, "तुम्हाला त्रास होतो का हिचा?"

"नाही," मी म्हणालो. "त्रास कायचा साहेब? दिसाले बरी दिसत नाही, एवढंच."

भाईनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात कपाळापर्यंत गेला होता, तो त्यानं खाली घेतला. मी बोलत असताना तो कधीच बोलायचा नाही.

"मग राहू द्या," डॉक्टर म्हणाला.

"पन समजा काढाची म्हनलं, तं काय घ्यान?"

त्यानं आकडा सांगितला. मी हसलो. असं हसणंही सौद्यातलंच असतं.

"एवढीशी तं गाठ हाय साहेब. बोराएवढी."

"गाठीच्या मापावर नसतं ते. सुन्न करण्याचं इंजेक्शन, टाके, नंतर पट्ट्या, आणि काढलेली गाठ तपासायला पाठवतो."

"कॅन्सर नाही म्हनता, आन् तपासाले पाठवता?"

"डोळ्यांनी दिसतं ते मी सांगितलं. खात्री केलेली बरी असते."

"पाहा बा. आमी अचलपूरहून आलो, येण्याजाण्यातच दिवस गेला. काही तं कमी करा."

डॉक्टर चिडला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाशी मला बोलता येतं. त्यानं चष्मा वर सारला आणि शांतपणे म्हणाला, "अहो, तुम्हीच सांगता त्यांना काही त्रास नाही. मग उगाच खर्च कशाला करता? जा घरी."

मी उठलो. माझ्याबरोबर भाई उठला. दारापर्यंत मी सावकाश गेलो, चपला घालायला वेळ लावला. आतून हाक आली, पण ती आमच्यासाठी नव्हती.

"पुढचे या," डॉक्टर म्हणाला.

एक बाई कडेवरचं पोर घेऊन आमच्यामधून आत गेली.

बस स्टँडजवळ आम्ही उसाचा रस घेतला. भाईचा गिलास बराच वेळ भरलेलाच होता.

"डागदरनं मले विचारलं होतं," तो म्हणाला.

"मंग?"

"काही नाही."

"अबे, आठ दिवसानं पुन्हा येऊ. पाहाय कसा सरळ येते तं."

"हाव," तो म्हणाला आणि रस पिऊन टाकला.

आठ दिवसांनी काही आम्ही गेलो नाही. आंबिया बहाराची तोड तोंडावर आली होती, आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं की खुद्द डॉक्टरच म्हणाला, गरज नाही. माझ्या आईनं जन्म काढलाच होता. पण आईचं आवाळू केसांत होतं आणि तिला कशावर टेकवायचं नव्हतं. हा फरक मला पुढं फार उशिरा उमगला. उमगून तरी काय करायचं होतं?

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो बगीच्यात आला तो कपाळ सपाट करून. अचलपूरच्या न्हाव्यानं सुई तापवून त्या काळ्या ठिपक्यातून टोचली आणि दाबून आतलं सगळं काढलं होतं. नासलेल्या खव्यासारखं निघालं म्हणे, आणि वास असा की दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर गेली. भाई खूश होता. त्या दुपारी त्यानं दुपट्टा एकेरी अंथरला आणि कपाळ पूर्ण टेकवलं. मी लांबून पाहत होतो. उठल्यावर म्हणाला, "पाह्य सेठ, फुकटात झालं."

"तुया अकोल्याच्या डागदरपेक्षा न्हावी बरा," मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही हसलो. त्या गाठीवरून आम्ही एकत्र हसलो ते शेवटचंच.

डॉक्टरनं 'फोडू देऊ नका' म्हटलं होतं ते आम्ही दोघांनीही ऐकलं होतं. कारण मात्र कोणी विचारलं नव्हतं. न्हाव्यानं मळ काढला, पिशवी आतच राहिली. आणि पिशवी राहिली की गाठ परत भरते. महिना-दीड महिन्यात ती होती तेवढी झाली, मग तिच्यापुढं गेली. आणि एक दिवस पिकली. कपाळ लाल, चटका बसेल इतकं गरम, सूज उतरून एका डोळ्याच्या पापणीवर आलेली. त्याला ताप भरला.

तेव्हा चांदूरबाजारकडच्या एका बगीच्यात आमची तोड चालू होती. बायका झाडाखाली फळं निवडत होत्या, ट्रक भरायचा होता, आणि ट्रकवाला घाई करत होता. भाई दोन दिवस आला नाही. मी गावातल्या बूथवरून त्याच्या शेजारच्यांकडे फोन लावला. तो फोनवर आला तेव्हा मी म्हणालो, "एका गाठीसाठी गाडी उभी ठेवतं का?" मी असं बोलतो. माझ्या घरी, बाजारात, सगळ्यांना माहीत आहे की मी असं बोलतो आणि पाचव्या मिनिटाला विसरतो. तो दुसऱ्या दिवशी आला. डोक्याला फडकं बांधून आला.

शेजारच्या बगीच्यात अमरावतीचा एक व्यापारी तोड करत होता. धंद्यात माझा जुना दुष्मन. माझ्या बोलीवर बोली लावायचा आणि हसत लावायचा. त्यानं भाईला झाडाखाली डोकं धरून बसलेलं पाहिलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही. मी ट्रकमागं उभा राहून फळांखाली घालायचं तणस पसरवत होतो. मला वाटलं भाई पाणी प्यायला गेला. त्या माणसानं त्याला आपल्या जीपमध्ये बसवलं आणि अमरावतीच्या दवाखान्यात नेलं.

तिथं डॉक्टरनं सांगितलं की आता ही काढता येणार नाही. पिकलेली असताना मुळापासून काढायला गेलं तर पिशवी नीट सुटत नाही, तुकडे राहतात आणि ती पुन्हा येते. म्हणून बारीक छेद देऊन पू काढला, औषधं दिली, आणि सूज पूर्ण उतरल्यावर परत बोलावलं. तेव्हा गाठ पिशवीसकट काढू म्हणाले. एवढं मला भाईनंच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, कपाळावर पट्टी लावून. मी म्हणालो, "मले हाक मारली असती." तो म्हणाला, "तू गाडी भरून राहिला होता ना." आवाजात राग नव्हता. मला राग आला तो त्या जीपवाल्याचा.

पुढं दोन महिने गेले. पट्टी निघाली, सूज उतरली, गाठ लहान होऊन जागेवर होती. आम्ही मृगाच्या बहाराचे बगीचे बघत फिरत होतो. सगळं पहिल्यासारखं चाललंय असं मला वाटत होतं. तो पहिल्यासारखाच ओळींमधून चालायचा, पहिल्यासारखाच अंदाज सांगायचा. 'आवाज नाही आला अजून' असं म्हणणं मात्र त्यानं सोडलं होतं. हे मला आता आठवतं. तेव्हा लक्षात आलं नाही.

एक चांगला बगीचा कानावर आला म्हणून मी सकाळीच त्याच्या घरी गेलो. दारात भाभी होती. तिला माझ्याशी मराठी बोलता येतं, पण घाईत असली की ती आपल्या बोलीत बोलते.

"वो तो अमरावती गए ना भाऊ. आज गाँठ निकालने वाले हैं."

"कोनासंग गेला?"

तिनं त्या व्यापाऱ्याचं नाव घेतलं. माझा चेहरा बघून तिला काय वाटलं कोण जाणे, ती मराठीत म्हणाली, "तुमाले सांगतलं नाही त्याहीनं?"

मी बसलो नाही. तसाच परतवाड्याला आलो. दिवसभर आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसून माणसांवर ओरडत राहिलो.

संध्याकाळी तो स्वतः आला. कपाळावर पांढरी पट्टी, खाली ताजे टाके. चालत आला होता. तिथल्या तिथं सुन्न करून काढली, तासाभरात सोडलं, असं त्यानं आल्या आल्या सांगितलं, जणू मी तब्येत विचारायला उभा होतो.

"काहून नाही सांगतलं मले?" मी म्हणालो.

"सांगतलं असतं तं तू संग आला असता."

"मंग? आलोच असतो!"

"आन् बोलला असता."

मी काही बोलायच्या आत तो पुढं म्हणाला, "तिथं डागदरनं विचारलं, त्रास काय होते? मी सांगतलं, सजद्यात टेकवता येत नाही, दुखते. थो म्हने, मंग काढून टाकू. बस. एवढंच होतं ते."

"आन् थो काय बोलला, तुया जीपवाला?"

"थो बाहेर बाकड्यावर बसला होता. पेपर वाचत."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. ज्याला मी बगीच्याच्या राखणदारीतून उठवून बरोबरीनं भागीदार केलं, ज्याच्या बहिणीच्या लग्नात मी मांडवाचे खांब धरले, त्याला एक माणूस बाकड्यावर बसून पेपर वाचतो म्हणून जवळचा वाटतो? मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. शेवटी म्हणालो, "ज्यानं जीपीत बसवलं त्याच्याच संग जाय मंग!"

त्यानं ओट्याखालच्या चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, "हाव."

आणि गेला. खरंच गेला. त्या बहारापासून तो अमरावतीच्या त्या व्यापाऱ्याबरोबर बगीचे बघायला लागला.

मला त्याचं वाईट वाटतं ते याच्यासाठी. रागात बोललेला शब्द सौद्यात धरत नाहीत. बाजारात कोणी कोणाला म्हणतो, तुझं तोंड पुन्हा पाहणार नाही, आणि दुसऱ्या सोमवारी दोघं एकाच ढिगावर वाकलेले असतात. हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. त्यानं माझे हजार शब्द सोडून दिले होते, हा एकच धरला. आणि अकोल्याला त्यालाही तोंड होतं. म्हणायचं होतं, साहेब, हे खोटं सांगतात, मला दुखतं. मी काय त्याचा जीव घेतला असता? चिडलो असतो, बस स्टँडपर्यंत शिव्या दिल्या असत्या, आणि गाठ निघाली असती. मग वाटतं, मीच तर त्याला इतकी वर्षं शिकवलं की मी बोलताना बोलायचं नाही. ह्या दोन गोष्टींत मी अजून फिरतो. कोणत्याही एकीवर थांबता येत नाही.

तो गेल्यावर मी एकट्यानं बगीचे घेतले. बोलायला मी होतोच. बघायला माणसं ठेवली, पण ती मला आवडेल तेच सांगायची. मी उठलो की उठायची, मी हसलो की हसायची, फळाचा अंदाज मात्र त्यांचा झाडागणिक चुकायचा. हळूहळू मी मोठे बगीचे घेणं सोडलं. तसेही ते उरले नव्हते. जिथं आमची पहिली तोड झाली होती तो अख्खा बगीचा एका उन्हाळ्यात कापला गेला. मी रस्त्यानं जाताना बुंधे रचलेले पाहिले आणि ते कोणाशी तरी बोलावं असं वाटलं. ज्याच्याशी बोलायचं तो एकच माणूस होता.

दोन-तीन वर्षांनी तो मला अमरावतीच्या फळबाजारात भेटला. सकाळची वेळ, हर्रासाची बोली नुकती संपलेली, ढिगाऱ्यांमधून लोक वाट काढत होते. तो एका ढिगाशी उकिडवा बसून फळ हातात फिरवत होता. मी समोर उभा राहिलो तेव्हा त्यानं वर पाहिलं आणि हसला. कपाळ स्वच्छ होतं. केसांच्या रेषेखाली एक बारीक आडवी खूण, कपाळावरच्या आठीसारखीच. ठाऊक नसणाऱ्याला दिसणारही नाही. आणि तिच्या खाली, नमाजी माणसांच्या कपाळावर असतो तसा, गव्हाळ डाग पडायला लागला होता.

"पुन्हा नाही आली?" मी विचारलं.

"नाही. पुरी पिशवी निघाली ना. तपासाले पाठवली होती, साधीच निघाली." त्यानं फळ ढिगावर ठेवलं. "तू कसा हाय सेठ? दुबळा झाला."

मी काहीतरी बोललो. मग एकदम म्हणालो, "परत ये भाई. निम्म्या-निम्म्यावर नाही, तुया वाटा जास्त ठेवू."

त्यानं मान हलवली.

"बगीचा बी तू पसंत करजो. मी नुसता पैसा लावतो." मी आणखी पुढं गेलो. "बोलाचं बी तूच बोलजो, बस?"

तो उठला, गुडघे झाडले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला ओळखीचा होता, त्यात फळाचं वजन तोलायची सवय होती.

"तू पुन्हा भाव करून राहिला," तो म्हणाला. "मले काही इकाचं नाही, सेठ. मी नाराज बी नाही. मले तिथं बरं वाटते, बस."

"काय बरं वाटते तिथं?"

त्यानं खरंच विचार केला. मग म्हणाला, "थो मले विचारते."

मागून त्या व्यापाऱ्याचा माणूस आला, जीप निघते म्हणून सांगायला. भाई त्याला म्हणाला, दोन मिनिटं थांब, आणि हर्रासाच्या ओट्याजवळच्या टपरीकडे वळून दोन चहा सांगितले. एक माझ्यासमोर आणून ठेवला.

"घे. थंडा होईन."

मी म्हणालो, मी घेऊन आलो. मी घेऊन आलो नव्हतो. पहाटेच्या एसटीनं निघालेलो, पोटात काही नव्हतं. त्यानं आग्रह केला नाही. आपला चहा उभ्याउभ्या प्यायला, दोन्ही गिलासांचे पैसे दिले आणि गेला. माझा चहा तिथंच संत्र्याच्या खोक्यावर राहिला, आणि साय धरेपर्यंत मी त्याच्याकडे बघत उभा होतो.